तीन वर्षांच्या राजकन्येचा राजवाडा किती उंच हवा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तीन वर्षांची होते आहे आणि तिला राजकन्या व्हायचं आहे. पुण्यात सोसायटीचा हॉल मिळाला आहे. वीसेक लहान मुलं आणि चाळीसच्या आसपास मोठी माणसं येतील. डेकोरेटरने तीन पॅकेजं दाखवली आहेत, त्यातलं कोणतं घ्यावं, पोशाख कसा असावा, आणि ऐनवेळी ती रडायला लागली तर काय करायचं, हे तुम्ही विचारलं आहे.

मी आधी बालवाडीत शिकवत होते आणि नंतर वाढदिवसांच्या आखणीच्या कामात आले, त्यामुळे माझं पहिलं मत पॅकेजबद्दल नाही, उंचीबद्दल आहे. तीन वर्षांचं मूल साधारण तीन फुटांचं असतं. डेकोरेटरच्या फोटोत दिसते ती आठ फुटी भिंत, त्यावरची फुग्यांची कमान आणि सोनेरी अक्षरांतलं नाव हे सगळं तिच्या डोक्याच्या वर असतं. ते पाहुण्यांना दिसतं आणि फोटोत छान येतं. पण तिला त्यात शिरता येत नाही, त्याला हात लावला की कोणीतरी ओरडतं, आणि पाच मिनिटांत तिच्यासाठी ते संपतं. या वयात राजकन्या व्हायचं म्हणजे राजवाड्याच्या आत जायचं, दार उघडायचं, कोणालातरी आत बोलवायचं, स्वयंपाक करायचा, घोड्यावर बसायचं. म्हणून तीन पॅकेजांपैकी सगळ्यात साधं घ्या, आणि वाचलेल्या पैशांत व कष्टांत तिच्या उंचीच्या तीन-चार जागा तयार करा. बाकीचं सगळं मी याच हिशेबाने सांगणार आहे.

सुरुवात वेळेपासून करते, कारण रडण्याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. आपल्याकडे निमंत्रणात साडेसात लिहितात, माणसं साडेआठला येतात, केक नऊला कापला जातो. तीन वर्षांचं मूल तोवर दमलेलं असतं, भुकेलेलं असतं आणि टोचणारा फ्रॉक घालून अनोळखी माणसांच्या मांडीवर बसवलेलं असतं. ते रडणारच. तुमची मुलगी दुपारी एक ते तीन झोपत असेल, तर तिची सगळ्यात चांगली वेळ साडेचार ते साडेसहा. कार्यक्रम पाच ते सात ठेवा आणि केक पावणेसहाला कापा. निमंत्रणात ही केकची वेळ स्पष्ट लिहा, कारण "पाच ते सात" वाचून लोक सहाला येतात, पण "पावणेसहाला केक" वाचून साडेपाचला येतात. त्या दिवशी दुपारची झोप कशासाठीही मोडू नका. हॉल सजवायला तिला घेऊन जाऊ नका. घरी आजीजवळ झोपू द्या. उठल्यावर वरणभात किंवा तिच्या रोजच्या खाण्यातलं काहीतरी पोटभर खाऊ घालूनच हॉलवर आणा.

ज्यांना ऑफिसमुळे आठच्या आत येता येत नाही, अशी घरची माणसं असतीलच. त्यांना रात्री घरी जेवायला बोलवा. तेव्हा मुलगी जागी असेल तर ते तिला भेटतील, झोपली असेल तर झोपू द्या. मार्च असल्यामुळे नात्यातल्या मोठ्या मुलांच्या वार्षिक परीक्षा असतील, ती मंडळी नाहीतरी फार वेळ थांबणार नाहीत. सगळ्यांना एकाच वेळी सांभाळण्याच्या नादात मुलीची संध्याकाळ रात्रीत ढकलू नका, एवढंच माझं आग्रहाचं सांगणं आहे.

औक्षण सकाळीच घरी करून घ्या, आणि हे मी सोयीपेक्षा सुरक्षिततेसाठी सांगते आहे. राजकन्येचे फ्रॉक नेटचे आणि सॅटिनचे असतात, म्हणजे बहुतेक वेळा पॉलिस्टर किंवा नायलॉन. हे कापड पटकन पेट घेतं आणि वितळून अंगाला चिकटतं. फुललेला घेर, तुपाचं निरांजन आणि हात पुढे करणारं मूल हे तिन्ही एकत्र येऊच देऊ नये. सकाळी अंघोळ झाल्यावर सुती परकर-पोलकं घालून पाटावर बसवा, आजी, आत्या, मावशी निवांत ओवाळतील, आणि तो फोटोही हॉलमधल्यापेक्षा चांगला येईल. तिथून थीमला सुरुवात झालीच म्हणा. आपल्याकडे बोरन्हाणाला मुलांना हलव्याचा मुकुट, कंठी, बाजूबंद घालून पाटावर बसवतातच. मुलाला एका दिवसाचा राजा किंवा राणी करायची रीत आपल्या घरांत आधीपासून आहे. घरात जपून ठेवलेलं जुन्या पैठणीचं किंवा इरकलीचं परकर-पोलकं असेल तर सकाळसाठी तेच काढा.

संध्याकाळच्या पोशाखाकडे वळते. विकत घ्या किंवा शिवून घ्या, पण पाच गोष्टी हाताने तपासा. आतून पूर्ण सुती अस्तर हवं, काखेत आणि कमरेलासुद्धा. फ्रॉकचा हात उलटा करून शिवणीची कड स्वतःच्या मानेवर घासून बघा, टोचली तर तिलाही टोचणार. लांबी घोट्याच्या दोन-तीन इंच वर संपायला हवी, कारण जमिनीवर लोळणारा गाऊन घालून या वयाचं मूल पळतं आणि पडतं. आत कॅनकॅनचा, म्हणजे घेर फुलवणाऱ्या कडक जाळीचा, एकच थर पुरे, तीन थर लावले की बसताना घेर तोंडावर येतो. आणि शेवटची, जी दुकानात कोणी विचारत नाही: शू लागली की हा पोशाख किती सेकंदांत वर करता येतो? तीन वर्षांच्या मुली नुकत्या लंगोट सोडून सांगायला शिकलेल्या असतात, उत्साहात उशिरा सांगतात. मागे बारा हुक असलेला फ्रॉक म्हणजे हमखास ओला फ्रॉक. झिप किंवा कमरेला इलॅस्टिक हवं, आणि पिशवीत दोन जास्तीच्या चड्ड्या व एक मऊ सुती फ्रॉक हवाच. तो सुती फ्रॉकही गुलाबी किंवा जांभळाच घ्या, म्हणजे कपडे बदलले तरी तिला आपण राजकन्या राहिलो असं वाटतं.

मुकुटाचं तेच. धातूचा दातेरी मुकुट डोक्यात रुततो, आणि पाच मिनिटांत ती तो भिरकावते. फेल्टच्या कापडाचा, मागे रुंद इलॅस्टिक असलेला मुकुट घरी कापून शिवता येतो. मार्चअखेरीस मोगरा बाजारात यायला लागलेला असतो, फेल्टच्या पट्टीभोवती मोगऱ्याचा गजरा गुंडाळला तर इतका सुंदर मुकुट कुठल्याही दुकानात मिळणार नाही. चमकणारे, दिवे लागणारे मुकुट मात्र घरात आणू नका. त्यात बटणासारखी चपटी बॅटरी असते आणि स्वस्त मालात तिचं झाकण नखाने उघडतं. मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. गाणं वाजवणारी शुभेच्छापत्रं आणि बॅटरीवरच्या छोट्या पणत्या यांतही त्याच बॅटऱ्या असतात. सजावटीत अशा पणत्या वापरायच्याच असतील तर मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा आणि निघताना मोजून घ्या.

पूर्ण पोशाखात राहायची तिची तयारी पंधरा-वीस मिनिटांची असते, हे धरूनच चाला. त्यामुळे फोटो सगळ्यात आधी काढा, पाहुणे यायच्या अर्धा तास आधी, हॉल रिकामा असताना. फोटोग्राफरला सांगा की खाली बसून काढायचे आणि फ्लॅश तोंडावर मारायचा नाही. आईबाबा, आजीआजोबा यांच्यासोबतचे फोटोही त्याच वेळी उरकून घ्या. नंतर फोटोसाठी तिला खेळातून उचलायचं नाही, हे घरातल्या मंडळींना आदल्या दिवशी सांगून ठेवा.

आता राजवाडा. यातच मन लावा, कारण मुलांची संध्याकाळ इथेच जाते. घरगुती उपकरणांच्या दुकानातून वॉशिंग मशीनचे दोन आणि फ्रिजचा एक रिकामा खोका मागून आणा. आधी सांगून ठेवलं तर मिळतात. खोक्यांच्या लोखंडी पिना पक्कडीने काढून टाका, एकही राहता कामा नये. वॉशिंग मशीनचे खोके उभे ठेवून तळ आणि माथा कापा, फ्रिजचा खोका आडवा ठेवून त्यांच्या मधोमध बोगद्यासारखा जोडा. दारं अडीच फूट उंचीची कापा, आणि ती दोन हवीत: एक आत जायला, एक बाहेर पडायला. एकच दार असलं की दारात दोन मुलं समोरासमोर अडकतात आणि भांडण सुरू होतं. खिडक्या मुलांच्या डोळ्यांसमोर येतील अशा कापा, खालची कड जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर ठेवा. कापलेल्या सगळ्या कडांवर कागदी टेप दुमडून लावा, कारण पुठ्ठ्याची कड कोवळ्या हाताला कापते. वर चार्ट पेपरचे शंकू आणि त्यांवर कापडी पताका लावा. रंगासाठी फार खटपट नको, पांढरा कागद चिकटवून त्यावर विटांच्या रेघा ओढल्या तरी पुरे. आत सतरंजी अंथरा. माथा उघडा असला की उजेड आणि हवा राहते, आणि आतलं मूल मोठ्यांना वरून दिसतं.

हे काम आईबाबांनी दोन संध्याकाळी मुलीसोबत केलं तर मला सगळ्यात आवडतं. तिने रंगवलेला वेडावाकडा दरवाजा असलेला राजवाडा तिचा असतो. वाढदिवसाला अनोळखी मुलांची गर्दी झाली की ती त्या ओळखीच्या जागेत जाऊन बसते आणि सावरते. लाजऱ्या मुलांच्या बाबतीत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

राजवाड्याशेजारी मुदपाकखाना मांडा. भातुकलीची स्टीलची किंवा लाकडी भांडी, एक बैठं टेबल, आणि मीठ घातलेली कणीक. अर्धी कणीक बिटाच्या रसात मळा, अर्धी हळदीत. मुलं तासभर पोळ्या लाटतात, आणि मुलगेही तितकेच रमतात. निमंत्रणात म्हणूनच "राजकन्या आणि राजपुत्र, घोडेस्वार, स्वयंपाकी, सगळ्यांनी या" असं लिहा, म्हणजे मुलग्यांच्या आयांना काय घालून पाठवायचं हा प्रश्न पडत नाही. तिसरी जागा तबेल्याची: पोहायच्या तलावात वापरतात त्या फोमच्या जाड नळ्यांना कापडाचे कान आणि काढलेले डोळे लावून घोडे करा. लाकडी काठीचा घोडा नको, गर्दीत काठीचं टोक दुसऱ्याच्या डोळ्याला लागतं. चौथी जागा फक्त एक कोपरा: दोन गाद्या, तीन-चार चित्रांची पुस्तकं, आणि तिथे गाणी ऐकू येणार नाहीत इतकं अंतर. दमलेलं मूल आणि त्याची आई तिथे बसतात. हॉलमध्ये हा कोपरा नसतो म्हणून लोक लवकर घरी जातात.

प्रत्येक जागेपाशी एक मोठं माणूस हवं, मदतीला कॉलेजातली भाचरं, शेजारची ताई कोणीही चालेल. आणि एक जण फक्त दारापाशी. सोसायटीच्या हॉलला लागून जिना, लिफ्ट, पार्किंग आणि कित्येक ठिकाणी पोहण्याचा तलाव असतो. "सगळे बघतायत" असं वाटतं तेव्हा कोणीच बघत नसतं, म्हणून दाराचं काम नाव घेऊन एकाला द्या, आणि अर्ध्या तासाने दुसऱ्याला.

खेळ म्हणाल तर संगीतखुर्ची, फुगा फोडा, पहिला-दुसरा नंबर हे सगळं वगळा. तीन वर्षांच्या मुलाला बाद होणं कळत नाही, फक्त आपल्याला बाहेर काढलं एवढंच कळतं. दोनच गोष्टी सगळ्यांनी मिळून करा. एक गोष्ट आणि एक मिरवणूक. गोष्ट सहा-सात मिनिटांची, "आटपाट नगर होतं" अशी सुरू होणारी, हातातल्या बाहुलीच्या तोंडून. सांगणारी घरातलीच आत्या किंवा आजी असावी. टुणुक टुणुक जाणाऱ्या भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट मुलांना ठाऊक असते, ओळी ती स्वतः म्हणतात, आणि राजकन्येच्या थीमला भोपळ्याची गाडी चपखल बसते. १६९७ साली फ्रान्समध्ये शार्ल पेरोने लिहून छापलेल्या सिंड्रेलाच्या गोष्टीतही भोपळ्याचीच गाडी होते. भोपळ्याचं चित्र चिकटवलेला, खाली चाकं लावलेला एक खोका ठेवा, म्हणजे एकेका मुलाला त्यात बसवून ओढता येतं. मग ढोलकीच्या हलक्या तालावर हॉलला दोन फेऱ्या, पुढे राजकन्या, मागे घोडे. मिरवणूक संपते तिथे केकचं टेबल, म्हणजे मुलांना गोळा करायला ओरडावं लागत नाही.

मुखवटा घातलेली मोठी पात्रं भाड्याने आणण्याबद्दल तुम्ही विचारलं आहे. माझं मत: या वयाला नको. सहा फुटी, न हलणाऱ्या चेहऱ्याचं, मोठ्या डोक्याचं काहीतरी अंगावर आलं की दोन-तीन वर्षांची बरीच मुलं घाबरतात, आणि एक रडलं की पाठोपाठ चार रडतात. उघड्या चेहऱ्याची, राजकन्येचा पोशाख केलेली कोणी ताई येणार असेल तर चालेल, पण तिने आधी साध्या कपड्यांत येऊन मुलांशी खेळावं आणि मुकुट त्यांच्या डोळ्यांसमोर घालावा. माईकवरून ओरडणारा अँकरही नको. संध्याकाळी सातला संपणार असल्यामुळे रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करण्याच्या नियमाचा प्रश्न तुम्हाला येणार नाही, पण आवाज मुलांच्या कानांसाठीच कमी ठेवायचा आहे.

फुग्यांबद्दल थोडं कडक बोलते. फुटलेल्या फुग्याचा तुकडा मुलं तोंडात घालतात, ओढून चघळतात, आणि तो श्वासनलिकेच्या तोंडावर चिकटून बसला तर सहज निघत नाही. म्हणून न फुगवलेले फुगे आणि फुटलेले तुकडे मुलांच्या हाती लागताच कामा नयेत. एका माणसाला तेवढंच काम द्या: फुगा फुटला की तुकडे लगेच उचलायचे. कमान हवीच असेल तर एक करा, भिंतीवर वरच्या बाजूला, पंपाने साधी हवा भरून. सहा-सात फुटांच्या माळेला वेगवेगळ्या आकारांचे शंभरेक फुगे लागतात. त्याच सकाळी फुगवा, कारण रबराचे फुगे एका दिवसात निस्तेज होतात, आणि उन्हात टांगले तर मार्चच्या दुपारी एकामागून एक फुटतात. वर तरंगणाऱ्या गॅसच्या फुग्यांत गॅस कोणता, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. हेलियम पेटत नाही, पण महाग असतो. स्वस्तातल्या फुग्यांत अनेकदा हायड्रोजन भरलेला असतो, आणि तो ठिणगीने भडकतो. स्नो स्प्रेच्या डब्यातला गॅससुद्धा ज्वालाग्राही असतो, आणि लोक तो नेमका मेणबत्ती पेटलेली असताना मुलाच्या तोंडासमोर उडवतात. निमंत्रणातच नम्रपणे लिहा: स्नो स्प्रे आणि पार्टी पॉपर आणू नयेत.

सजावटीचं सामान घेताना आणखी एक लक्षात असू द्या. १ जुलै २०२२ पासून देशभर फुग्यांना लावायच्या प्लॅस्टिकच्या काड्या, सजावटीचा थर्माकोल, प्लॅस्टिकच्या प्लेट, ग्लास, चमचे यांवर बंदी आहे, आणि महाराष्ट्रात थर्माकोल-प्लॅस्टिकच्या ताटवाट्यांवर २०१८ पासूनच. डेकोरेटर थर्माकोलचा किल्ला किंवा नाव देऊ करत असेल तर सरळ नको म्हणा. कापड, कागद, पुठ्ठा, बांबू आणि फुलं यांत काम छान होतं. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत सजावटीचं सामान घाऊक भावात मिळतं, तुळशीबागेत मोत्यांच्या माळा, लेस आणि जरीचे काठ. मुंबईतली बहीण मदत करणार असेल तर तिला क्रॉफर्ड मार्केटचा परिसर आणि कापडासाठी मंगलदास मार्केट सांगा. घरातल्या दोन जुन्या साड्या, एक गुलाबी आणि एक सोनेरी काठाची, बांबूवर चुण्या पाडून सोडल्या की बॅकड्रॉप झाला. पाइपचा स्टँड वापरलात तर तो भिंतीला किंवा खिडकीच्या गजांना बांधाच. मुलं पडदा ओढतात, आणि सगळा सांगाडा पुढे येतो. पायाशी नुसत्या विटा ठेवणं पुरेसं नसतं.

केक. बाहुलीचा केक, म्हणजे खाली घेरदार फ्रॉकच्या आकाराचा केक आणि वर खरी बाहुली, हा सगळ्यांना आवडतो. पण मुलगी त्या बाहुलीकडे राजकन्या म्हणून बघत असते, आणि आपण तिच्या हातात सुरी देऊन म्हणतो, काप. कितीतरी मुली त्या क्षणी रडतात किंवा गोठून जातात, आणि घरच्यांना कारण कळत नाही. बाहुलीचा केक करायचाच असेल तर तो शेजारी शोभेला ठेवा, कापायला अर्ध्या किलोचा साधा गोल केक आणा, आणि बाहुली नंतर धुऊन तिला देऊन टाका. बाहुलीच्या पायांना खाद्यपदार्थांसाठीची पातळ फिल्म गुंडाळून मगच ती केकमध्ये बसवा, असं बेकरीला सांगा. किलोभर केकचे दहा-बारा बऱ्यापैकी तुकडे होतात. मुलांचे तुकडे लहान आणि मोठ्यांसाठी जेवणात दुसरं गोड असेल तर तीन किलो पुरतात. मार्चच्या उकाड्यात व्हिप्ड क्रीम पाघळतं आणि फॉन्डंटला, म्हणजे केकवरच्या साखरेच्या लुसलुशीत आवरणाला, घाम सुटतो, त्यामुळे केक शेवटच्या तासातच आणा आणि खिडकीपासून लांब ठेवा. गडद गुलाबी, गडद जांभळा थर नको, दात आणि कपडे रंगतात. चंदेरी गोळ्या, साखरेचे कडक मोती, टूथपिक आणि काड्या केकवर नकोत. असतील तर मुलांना तुकडा द्यायच्या आधी एका मोठ्या माणसाने मोजून काढाव्यात. केक कापताना दिवे घालवू नका. अंधारात साठ माणसं एकदम गायला लागली की मूल घाबरतं. दिवे लावलेले असू द्या, हलक्या आवाजात गा, केस मागे बांधलेले आणि फ्रॉकचा घेर टेबलाखाली असू द्या, आणि मेणबत्ती एकच, तिच्या हाताच्या टप्प्याबाहेर. कारंज्यासारख्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या नकोत.

मुलांचं जेवण वेगळं आणि आधी वाढा, मोठ्यांच्या बुफेची वाट बघायला लावू नका. बिटाच्या रसातल्या छोट्या गुलाबी इडल्या, मऊ पुरी आणि बटाट्याची भाजी, तूप घातलेली खिचडी, मुकुटाच्या साच्यातून काढलेला शिरा, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या फोडी: रंग थीमचा आणि चव ओळखीची. हे दिवस नाशिकच्या द्राक्षांचे, म्हणून खास सांगते, अख्खं द्राक्ष या वयाच्या मुलाला देऊ नका, उभी चार फाकं करूनच द्या. शेंगदाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या, छोट्या कपातली जेली हे गळ्यात अडकणारे पदार्थ मुलांच्या टेबलावरच नव्हे, खालच्या उंचीवरच्या कुठल्याही टेबलावर नकोत. दूध, गहू, शेंगदाणा यांची कोणाला अ‍ॅलर्जी आहे का, हे निमंत्रणासोबतच विचारा. कणकेचा खेळ ठेवताय, म्हणून गव्हाचं तर नक्कीच विचारा. मोठ्यांसाठी पावभाजी किंवा मसालेभात, मठ्ठा आणि श्रीखंड एवढं केलंत तरी कोणी नाव ठेवणार नाही. ताटल्या सुपारीच्या पानांच्या घ्या किंवा केटररकडून स्टीलच्या मागवा.

परतभेट मुलांच्या हाती देऊ नका, निघताना आईच्या हाती द्या. सुटे मणी, लोहचुंबक, पाण्यात फुगणारे रंगीत जेलीचे गोळे, बटणाच्या बॅटरीची खेळणी यातलं काही नको. घरातल्या टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलासाठी धोक्याची, अशी सोपी परीक्षा आहे. खेळणं विकत घेणार असाल तर आयएसआय चिन्ह बघा, १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे. मला स्वतःला फेल्टचा मुकुट, जाड खडूंची पेटी आणि चित्रांचं एक मराठी पुस्तक एवढी भेट पुरेशी वाटते. मुकुट हॉलमध्येच द्या, म्हणजे मिरवणुकीत सगळ्यांच्या डोक्यावर असतील. बोलावलेल्या मुलांपेक्षा चार-पाच जास्त तयार ठेवा, भावंडं येतातच.

पैशांचा अंदाज विचारला आहे. सगळ्या खर्चाचे दहा भाग केले तर चार जेवणाला, दोन हॉल आणि मदतनिसांना, एक केकला, एक सजावटीला, एक पोशाख आणि मुकुटांना, एक परतभेटींना असं वाटप मला योग्य वाटतं. डेकोरेटरच्या मोठ्या पॅकेजमध्ये सजावट एकटी चार भाग खाते आणि मग जेवणात आणि माणसांत काटछाट होते. मदतीची दोन माणसं जास्त घेतलीत तर तुम्हाला स्वतःला मुलीजवळ बसता येतं, आणि त्या दोन तासांत तिला दुसऱ्या कशाहीपेक्षा तुम्ही तिथे खाली, सतरंजीवर हव्या असता.

मध्येच रडली तर: उचला, बाहेर न्या, पाणी द्या, फ्रॉक बदला, आणि कोणालाही कारण सांगत बसू नका. पाच मिनिटांनी ती राजवाड्यात जायला मागेल. नाही मागितलं तर शांत कोपऱ्यात बसा. केक तिच्याशिवाय कापू नका, पण दहा मिनिटं पुढे ढकलला तर काही बिघडत नाही, मुलांना जेवायला आधी बसवा.

भेटवस्तू त्या रात्री उघडू नका. दुसऱ्या दिवसापासून रोज एक-दोन उघडा, त्यातल्या लहान भागांच्या वस्तू बाजूला काढा. आणि पुठ्ठ्याचा राजवाडा हॉलवर टाकून येऊ नका. घडी घालून घरी आणा, तीन खोक्यांपैकी एक तरी तिच्या खोलीत मावेल, आणि पावसाळ्यापर्यंत तो सहज टिकतो.